राघूचा डोळा

बेलापूरच्या एसटी स्टॉपवर नंदकुमारच्या हातातली कागदी पिशवी फाटली आणि सगळे मणी रस्त्यावर... एक लाल मणी घरंगळत थेट एका पोरीच्या चपलेपाशी जाऊन थांबला. तिनं तो उचलला, रुमालाला पुसला, ओठांना लावला.

"थंड आहे," ती म्हणाली. "काचेचा. जुना."

मग दोघं उकिडवे बसून मणी वेचत राहिले. एसटी आली, गेली. वेचता वेचता त्यानं सगळं सांगून टाकलं. दाराचं तोरण होतं हे, आईनं स्वतः ओवलेलं, समोरासमोर दोन राघू. आई गेली, दोरा कुजला. बहिणीचं, कमळीचं, लग्न महिन्यावर आलंय आणि तिला आईच्या हातचं काहीतरी अंगावर हवंय. सोनाराला दाखवलं, तर तो हसला.

ही हसली नाही. वैजयंती, सानपाड्याची. जुन्या तोरणांचे, पर्सचे मणी सोडवून कानातली-गळ्यातली करायची, पण शेजारणींपुरती. लग्नाचं काम पहिलंच. राघू तसेच ठेवून गळ्यातलं करते म्हणाली.

झालं. दर रविवारी नंदकुमार सानपाड्याला हजर! तिची आई चहा टाकायची आणि हा तिच्या बोटांकडे बघत बसायचा. सुई, दोरा, मणी... मधेच ती मान वर करायची. याची नजर पटकन भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

"एवढं काय आहे हो त्यात?"

"दिवाळे गावचा कोळी हाय मी... समुद्राची भरती बघतो."

ती कितीतरी वेळ हसत होती.

तिसऱ्या रविवारी राघू तयार झाले. फक्त डोळे राहिले. अख्ख्या तोरणात लाल मणी दोनच, डोळ्यांचे. ती सुईत दोरा ओवत होती आणि यानं ताटलीतला एक उचलून खिशात टाकला. काम संपलं की यायचं कशाला, हा एकच विचार डोक्यात.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, एक डोळा सापडत नाहीये. त्यानं खिशातला मणी मुठीत दाबून धरला. घरी कमळी रोज विचारायची, दादा, आयचे राघू कधी आणतोस? मंगळवारी, हळदीच्या आदल्या दिवशी, ती रडली. म्हणाली, नको काही, तशीच उभी राहीन.

तसाच तो सानपाड्याला गेला. वैजयंतीसमोर मूठ उघडली.

"मीच घेतला व्हता. काम संपलं असतं तर... मी इथं कसा आलो असतो?"

तिनं उठून डबा उघडला. आत गळ्यातलं पूर्ण तयार, दोन्ही राघूंना लाल डोळे. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचा एक कान रिकामा होता, दुसऱ्यात तसाच लाल मणी.

"उद्या सकाळी मीच घेऊन येणार होते," ती म्हणाली. "कमळीला गळ्यातल्याविना कशी ठेवीन?"

"म्हंजे तुमाला... ठाऊक व्हतं?"

"सुई ओवताना एकच डोळा मिटते मी. दुसरा उघडा असतो."

तो ओशाळला. हा मणी तरी तुमच्या कानातल्याला लावा म्हणाला. तिनं मणी घेतला, ओठांना लावला.

"खिशात ठेवून ठेवून गरम केलात." मग हळूच म्हणाली, "कानात नको. याच्या दोन्ही बाजूंना काळे मणी लागतील. तेवढे तुम्ही आणा... ओवते मी."

तिनं मान वर केली. या वेळी त्यानं कॅलेंडरकडे पाहिलं नाही.

"कमळीचं होऊ दे," तो कसाबसा म्हणाला. "सोमवारी येतो. आयला विचारा... तुमच्या."

"विचारते," ती म्हणाली. "भरती बघून या."