अठरा इंच

माणसाला बसायला किती जागा लागते, हे जोसाया कॉर्डिंग्लीला तोंडपाठ होतं. श्रीमंताला चोवीस इंच, गरिबाला अठरा. वीस वर्षांत त्याने लिंकनशायरमधली एकोणीस जुनी चर्चं याच मापाने नवी केली. कमी जागेत जास्त माणसं कोंबण्यात त्याचा हात धरणारा आर्किटेक्ट त्या मुलखात नव्हता. विसावं चर्च स्केगथॉर्प गावचं. उद्घाटनाला खुद्द बिशप येणार होते. काम त्यांच्या मनास आलं तर कॅथीड्रलचा आर्किटेक्ट म्हणून नेमणूक, नाहीतर जन्मभर खेडीच.

गरिबांची बाकं वाढवायला त्याने उत्तरेची भिंत पुढे ढकलली. तिथे बेवारशांची थडगी होती. थडगी खणणाऱ्या म्हाताऱ्या एनॉकने टोपी काढून विचारलं होतं, "साहेब, हाडं कुठे ठेवायची?"

"नव्या बाकांच्या फरशीखाली भरावात टाक. त्यांच्यात कर भरणारं कुणी नाही."

उद्घाटनाच्या सकाळी पुढची बाकं भरली. मागची रिकामीच. गावची गरीब मंडळी भिंतीला पाठ लावून उभी. नव्या वार्निशच्या वासाखाली ओल्या मातीचा वास येत होता. बिशपांची बग्गी फाटकाशी पोचली.

आपलं हसं करायचा हा कट आहे, अशी कॉर्डिंग्लीची खात्रीच झाली. त्याने मार्था गॉस या धोबिणीला गाठलं.

"बस की गं म्हातारे! का आमंत्रण हवंय?"

"कुठे बसू, साहेब?"

"हे काय समोर! डोळे फुटले का तुझे?"

"सरका म्हटलं मी त्यांना," ती हळूच म्हणाली. "पण अठरा इंचांत ती तरी कुठे सरकणार?"

त्याने दंड धरून तिला बाकावर ढकललं. ती मध्येच कशावर तरी आपटली आणि ओशाळून माफी मागू लागली. त्याची नव्हे.

मग तो स्वतः बसला.

डाव्या बरगडीत कोपर रुतलं. उजव्या मांडीला गार मांडी लागली.

शेजारी कुणी नव्हतं.

श्वास अर्धाच आत गेला. प्रार्थनेला सगळे उठले, तेव्हा मागची बाकंही एकदम करकरली. तो उठला नाही. त्याला दोन्ही बाजूंनी उचललं गेलं.

प्रार्थना संपल्यावर बिशपांनी त्याचा हात हातात घेतला. "वा, कॉर्डिंग्ली! कॅथीड्रल तुमचंच. मागची बाकं गच्च, शिवाय भिंतीशी माणसं उभी! आणि शिस्त तरी केवढी. त्या बाकांवरच्या एकानेही तुमच्यावरून नजर हलवली नाही."

घरी पोचेस्तोवर त्याने स्वतःची समजूत घातली. दगदग झाली, दुसरं काय? नेमणूक तर मिळाली. जेवणाच्या मेजाशी बसून त्याने बायकोला मोठ्याने ती बातमी सांगितली. भाजलेल्या मटणाचं ताट घेऊन हॅरिएट दारातच थबकली होती.

"अगं, ये ना. बस."

मेजाभोवतीच्या सात खुर्च्या रिकाम्या होत्या. तिने त्या एकेक करून पाहिल्या आणि कसनुसं हसून मान लववली.

"सांगून तरी आणायचं," ती त्याच्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली. "इतक्या माणसांना ताटल्या कुठून आणू मी?"