चोवीस गाड्या आणि एक खोली

"चासीचा नंबर शोधताय? थांबा, मला इथून सरळ दिसतोय. वाचून सांगतो."

आवाज गाडीच्या पोटाखालून आला, आणि वाकून बघणाऱ्या तपासनीस बाईंच्या हातून टॉर्चच निसटला. आधी एक तेलकट हात बाहेर आला, मग टॉर्च, आणि सगळ्यांत शेवटी, काही घाई नसल्यासारखं, हसू.

"मालक कुठे आहेत?" तिनं शक्य तितक्या सरकारी आवाजात विचारलं.

"तुमच्या पायाशी."

"मी स्वतः वाचलेलाच नंबर लिहिते. बाहेर या."

"आलो असतो हो… पण तुम्ही वाटेत उभ्या आहात."

ही पहिली भेट. पुढचं सगळं कायद्यानंच जुळवून आणलं म्हणायचं. ज्याच्याकडे रस्त्यावर धावणाऱ्या किमान पंचवीस गाड्या आहेत, त्याला विमा कंपनीची पायरी चढावी लागत नाही; अपघात झाला तर भरपाई मी देईन, अशी हमी त्यानं सरकारला द्यायची, ठेव ठेवायची आणि दर तिमाहीला परिवहन ऑफिसात येऊन अपघातांची यादी दाखवायची. याचं नाव स्वविमा. त्याच्या गाड्या मोजून पंचवीस होत्या, आणि प्रमाणपत्रावर सही तिची होती.

दर खेपेला वीस मिनिटं, म्हणजे वर्षाकाठी ऐंशी. त्यांतली साठ तरी रकाने भरण्यात जायची. उरलेल्या विसांवर तिचं वर्ष निघायचं.

"या तिमाहीत एकच अपघात. आमच्या गाडीनं भिंतीला धक्का दिला."

"चूक कुणाची?"

"भिंत बरीच वर्षं तिथंच होती, असं साक्षीदार म्हणतात."

ती खाली मान घालून लिहायची. ओठ मात्र ऐकत नसत. तो गेला की शेजारच्या टेबलावरून हेडक्लार्क बाई म्हणायच्या, "अगं, भिंतीला लागलं ना? मग तुझे गाल का लाल?"

तिसऱ्या वर्षी ती पुन्हा गाड्या मोजायला त्याच्या आवारात गेली. चोवीस झाल्या. पंचविसावी मिनीबस मागच्या झाडाखाली होती. त्यानं कौतुकानं दार उघडलं. खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात पाण्याचा माठ, दोन बाकं जोडून केलेला पलंग.

"ड्रायव्हर लोक दुपारी इथे टेकतात. बसा ना… दमलात."

ती बसली. मधल्या वाटेपलीकडे तो बसला. पडदा वाऱ्यानं तिच्या हाताला लागत होता, आणि ही गाडी आत्ताच कुठेतरी निघावी असं तिला फार वाटलं. तिनं बाहेर वाकून पाहिलं.

"चाकं कुठायत?"

"ती दुसऱ्या गाड्यांना लावली. ही विटांवर ठेवलीय. पण कर भरलाय हं, कागद चालू आहेत!"

"अहो… ही गाडी नाही. ही खोली आहे."

तो हसला. मग हसता हसता थांबला.

चोवीस गाड्या म्हणजे प्रमाणपत्र रद्द. प्रमाणपत्र नाही तर तिमाही नाही, वीस मिनिटं नाहीत. एकच आकडा तर बदलायचा होता! पण उद्या कुणी याच्या चाकाखाली आला, तर त्याच्या घरचे तिच्या सहीकडे बघूनच धीर धरणार होते. तिनं 'चोवीस' लिहिलं. अक्षर जरा तिरकं आलं.

"महिनाभराची मुदत मिळते," ती खाली बघतच म्हणाली. "एखादी गाडी घेतलीत तर…"

"नाही जमायचं आत्ता. सगळ्या गाड्यांचा कंपनीकडे विमा उतरवतो."

"मग तुम्हाला ऑफिसात यायचं कारण नाही."

"नाही ना," तो म्हणाला.

प्रमाणपत्र त्यानं टपालानं परत पाठवलं. स्वतः आलासुद्धा नाही. तिनं पोच लिहिली, फाइल बंद केली, आणि त्या दिवशी तिला डबा गेला नाही. तिमाही संपली, त्या दिवशी ती उगाचच दाराकडे बघत होती. हेडक्लार्क बाईंनीही चेष्टा केली नाही, हेच तिला जास्त लागलं.

साडेचारला तो दारात उभा.

"कागद?" तिनं सवयीनं हात पुढे केला.

"नाहीत."

"मग काय काम आहे?"

"काहीच नाही. फाइल बंद झाल्याचं पत्र परवा मिळालं. तोवर अर्जदार होतो मी… अर्जदारानं तपासनीस बाईंशी असलं बोलायचं म्हणजे लाच दिल्यासारखंच."

"असलं म्हणजे कसलं?"

त्यानं एकदा हेडक्लार्क बाईंकडे पाहिलं. त्या कोरं रजिस्टर मन लावून वाचत होत्या.

"इथे यायला मला आता एकही कारण उरलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "आणि मला तर यायचंय."

तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "काम नसलेल्यांना ऑफिसात थांबता येत नाही."

त्याचा चेहरा उतरला. तो वळलासुद्धा.

"फाटकापाशी थांबा," ती घाईनं म्हणाली. "मी पाचला सुटते."

रजिस्टर फाडकन मिटलं.

"ऊठ गं बाई," हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "माझ्या घड्याळात वाजले."