सुमंतचं फोल्डर

ही घटना खरी आहे. माझा भुतांवर विश्वास नाही. बेंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य गेलं. जो काही विश्वास होता तो डिलिव्हरीच्या तारखांवर ठेवून संपला.

जागा यशवंतपूर. मालाच्या गोदामांमागची इमारत, दुसरा मजला. दिवस गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचा.

रात्र नव्हती, त्याबद्दल माफ करा. चांगली लख्ख दुपार होती.

आमची छोटी कंपनी आहे. अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेटीचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. काम साधं. पेटी थंड पडली की अलार्म वाजला पाहिजे.

खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणतात. सकाळी सगळ्या कॉम्प्युटरना कुंकू लावून झालं, दाराला केळीचे खुंट बांधून झाले, कोहळा फोडून झाला. चुरमुऱ्यांची पाकिटं घेऊन लोक घरी गेले. पूजेला बसलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावत नाहीत. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्या आहे की आम्ही अर्धी मराठी विसरलो, पण हा नियम विसरलो नाही.

मी कुलूप लावत होतो.

तेवढ्यात फोन वाजला...

होसकोट्याच्या हॉस्पिटलमधून सिस्टर कावेरी बोलत होत्या. कन्नडमध्ये, अगदी हळू.

"सर, पेटी थंड पडली होती. अलार्म वाजलाच नाही. मी सहज हात लावला म्हणून कळलं."

"आत बाळ आहे?"

"आहे. तळहाताएवढं. दुसरी पेटी नाही आमच्याकडे. शहरात हलवायचं तर वाटेत के. आर. पुरमला सणाच्या गर्दीने सगळं जाम आहे, तेवढा प्रवास त्याला झेपणार नाही. आता गरम आहे, पण पुन्हा थंड पडली तर कळावं म्हणून मी काचेच्या झरोक्यातून हात घालून बसलेय. पण मी तरी किती वेळ बसणार?"

चूक आमचीच होती, आठवड्यापूर्वीच्या व्हर्जनमधली. जुनं व्हर्जन परत टाकावं तर त्याला पेटीतला नवा सेन्सर ओळखता येत नव्हता. म्हणजे दुरुस्ती करूनच पाठवायला हवी होती.

दुरुस्ती एका ओळीची. मी फोन करून बोलावल्यावर ती स्वानंदीने रिक्षात बसल्याबसल्या लिहिली. स्वानंदी आमची इंजिनियर, पुण्याहून आलेली. आली ती थेट मागच्या खोलीत गेली. तिथे आमचं बिल्डचं लिनक्स मशीन असतं. लिहिलेला कोड त्यातून गेल्याशिवाय पेटीला कळत नाही.

मशीनवर ताजं कुंकू होतं. तिने त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, आज हात लावायचा?"

"लाव."

तिने बिल्ड सुरू केलं.

एरर. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर सापडत नाही.

"असं कसं? गेल्या आठवड्यात होता की."

कारण दहा मिनिटांत कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही. ते मशीन सुमंतने लावलं होतं. सुमंत आमच्याच जुन्या बेंगळुरी मराठ्यांतला, मला अण्णा म्हणायचा. त्याने कंपायलर, लायब्रऱ्या, सगळी हत्यारं स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती आणि मशीनला सांगून ठेवलं होतं, काही लागलं की तिथे बघ. असं करू नये. सगळेच करतात.

सुमंत त्या उन्हाळ्यात गेला. झोपेत. एचआरच्या फॉर्मवर मृत्यूचा रकाना नव्हता, म्हणून 'राजीनामा' असं टिक केलं गेलं. कारण : वैयक्तिक. आणि आयुधपूजेच्या साफसफाईत सिस्टमवाल्यांनी सोडून गेलेल्यांची खाती पुसली. सुमंतचं फोल्डर त्यातच गेलं.

बॅकअप? त्यात ते फोल्डर धरलंच नव्हतं.

स्वानंदीने नवा कंपायलर उतरवला. त्याला लायब्ररी सापडेना. ती आणली, तर व्हर्जन जुळेना. ते जुळवलं, तर पुढची एरर. प्रत्येक एररच्या शेवटी तोच पत्ता.

होम, सुमंत. असं फोल्डर नाही.

होम, सुमंत. असं फोल्डर नाही.

कावेरींचा पुन्हा फोन आला. "सर, झालं का?"

"होतंय," मी म्हणालो. हे उत्तर द्यायचाच मला पगार मिळतो.

फोन ठेवला. पंखा बंद होता. रस्त्यावर, सणामुळे, एकही लॉरी नव्हती.

आणि मग...

कट.

स्वानंदीने मान वर केली.

कट... कट...

"सर, तुम्ही शेंगा खाताय?"

मी खात नव्हतो. माझे दोन्ही हात टेबलावर होते, ते तिला दिसत होते.

आवाज पार्टिशनपलीकडून येत होता. सुमंत तिथे बसायचा. बिल्ड सुरू केलं की खिशातून भाजक्या शेंगा काढून फोडत बसायचा. कोणी घाई केली की म्हणायचा, "स्वल्प थांबा अण्णा, होतं."

मी उठून बघितलं. खुर्ची. टेबल. कुंकू लावलेला रिकामा मॉनिटर.

मागून स्वानंदी म्हणाली, "सर... तुम्ही एंटर दाबलंत?"

"मी इथे उभा आहे."

"मीही नाही दाबलं."

बिल्ड चाललं होतं.

एकामागून एक फाइल सरकत होती. प्रत्येक ओळीत तोच पत्ता. होम, सुमंत. होम, सुमंत.

मी पडद्यावर दुसरी खिडकी उघडून मशीनला विचारलं, हे फोल्डर दाखव.

असं फोल्डर नाही.

शेजारच्या खिडकीत त्याच फोल्डरमधून काम चालूच होतं.

कट... कट...

मग आवाज थांबला. पडद्यावर शेवटची ओळ आली. एरर : शून्य.

ऑफिसातल्या चाचणीच्या पेटीत ते उतरवून आत बर्फाची पिशवी ठेवली. अलार्म वाजला. पुन्हा ठेवली. पुन्हा वाजला. आमच्या यादीतली एकूण एक चाचणी पास झाली.

"सर, हे पाठवायचं नाही," स्वानंदी म्हणाली. मुद्दा बरोबर होता. "हे कशातून तयार झालं, मला माहीत नाही."

"अलार्म वाजतोय ना."

"वाजतोय. का वाजतोय ते सांगा."

पुन्हा फोन वाजला.

"सर," कावेरी म्हणाल्या, "माझा हात बधिर झालाय."

मी पाठवलं.

बाळ वाचलं. महिन्याभराने घरी गेलं.

त्या मशीनवर ते बिल्ड पुन्हा कधीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी तीच एरर, तोच पत्ता. शेवटी स्वानंदीने नवं मशीन लावलं, सगळं नीट, नियमाप्रमाणे. त्यातून निघालेलं व्हर्जन माझ्याकडे तयार आहे. त्यातली प्रत्येक ओळ मी समजावून सांगू शकतो.

ते पाठवतो म्हणून मी कावेरींना फोन केला.

"नको सर," त्या म्हणाल्या. "आहे तेच चांगलं आहे. हा अलार्म आधी वाजतो."

"आधी म्हणजे?"

"पेटी थंड पडायच्या आधी. आम्ही जाऊन बघतो, तोवर सगळं ठीक असतं. मग थोड्या वेळाने वायर सुटते नाहीतर लाइट जाते."

कोडमध्ये असं काही नाही. मी तीनदा वाचलाय.

"परवा तर रिकामी पेटी वाजली," त्या म्हणाल्या. "प्लगसुद्धा काढलेला होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? प्लग लावून गरम करून ठेवली. तासाभरात एक बाळ आलं."

फोनवर त्यांच्यामागे वॉर्डातली शांतता ऐकू येत होती...

कट.

"उंदीर झालेत हो सर इथे," कावेरी म्हणाल्या. "पेटीपाशीच असतो कुठेतरी. ऐकू येतंय का?"

कट... कट...

"हो," मी म्हणालो. "उंदीरच असेल."

"सरी, ठीक आहे. आणि तुमचं ते नवं?"

"स्वल्प थांबा," मी म्हणालो. "पाठवतो."

अजून पाठवलेलं नाही.