मरायला ठेवलेला माणूस

रविवारची दुपारची जेवणं आवरली, तशी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून नवऱ्यासाठी सिनेमाची डीव्हीडी आणायला गेली. दुकानदाराने डब्यावरची धूळ फुंकली.

"तुमच्या साहेबांसाठीच ठेवलीय बघा. बाकी कुणी हे फुकटसुद्धा नेत नाही."

साहेब, म्हणजे तिचा नवरा, एका साप्ताहिकात जुन्या, स्वस्तातल्या काऊबॉयपटांची परीक्षणं लिहायचा. स्वस्तातले म्हणजे किती स्वस्तातले? एकाच घोड्याला रंग फासून तीन घोडे करायचे, आणि गावातली बँक, तुरुंग नि दारूचा गुत्ता मिळून दार एकच. तो त्यांची अशी काही सालटी काढायचा की वाचक हसून हसून लोळायचे.

ती लग्न होऊन नुकतीच आलेली. तिच्याकडे काम एवढंच, की पडदे ओढायचे, चहा आणायचा आणि शेजारी बसून योग्य जागी हसायचं. नवऱ्याची पद्धत ठरलेली. सुरुवातीची थोडी मारामारी बघायची, की लगेच लिहायला घ्यायचं. शितावरून भाताची परीक्षा. पुढचा सिनेमा मग ती एकटीच बघत बसे.

म्हणूनच तो माणूस तिच्या लक्षात आला. प्रत्येक सिनेमात तो होता. नायकाने पहिली गोळी झाडली की मरायचं, एवढंच त्याचं काम. तोच ठिगळाचा शर्ट, तेच खप्पड गाल.

"अहो, हा मागच्या सिनेमातही होता," ती एकदा म्हणाली होती.

"असेल गं. स्वस्तात मिळत असेल."

"पण तो सिनेमा याच्या तीस वर्षं आधीचा. आणि हा आहे तेवढाच..."

"मेकअप!" नवरा म्हणाला. सिनेमावाल्यांना मेकअप परवडत नाही, असं त्यानेच आदल्या आठवड्यात छापलं होतं.

उलट त्या माणसाबद्दल त्याने फक्कड वाक्य लिहून टाकलं: 'हा इसम गोळी लागून मरत नाही, बसमध्ये जागा मिळाल्यासारखा बसतो.' वाचकांची पत्रं आली. सासूबाईंनीही ते वाक्य शेजारी वाचून दाखवलं.

तर आज तिने पडदे ओढले. खोलीत अंधार दाटला. सिनेमा सुरू झाला आणि तिला वास आला... तापलेल्या मातीचा, घोड्याच्या घामाचा. तिने चहाचा कप हुंगून पाहिला. चहा बिचारा चहासारखाच होता.

टीव्हीच्या पडद्यावर नायकाने गोळी झाडली. ठिगळाच्या शर्टवाला मेला नाही.

नायकाने पुन्हा गोळी झाडली. तो उभाच. नायकाने पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं आणि कानकोंडा होऊन बाजूला बघितलं. वारा थांबला. मग त्या माणसाने हळूच मान वळवली आणि पडद्यातून थेट बाहेर, तिच्या नवऱ्याकडे पाहिलं.

नवऱ्याला तर आनंदाचं भरतं आलं. "अगं, हा मरायचंच विसरला! थांब, मीच शिकवतो त्याला."

तो उठला. छातीवर हात, दोन हेलकावे, एक लांबलचक "आह!" आणि धाडकन गालिच्यावर. एक चप्पल उडून कपाटाखाली गेली. पडद्यावरचा माणूस मान तिरकी करून, शिकवणीला बसल्यासारखा बघत होता.

ती योग्य जागी हसली. नवरा उठला नाही.

"अहो... पुरे आता."

काही नाही. तिने त्याचा हात धरला. गार. नाकापाशी बोटं धरली. श्वास जाणवेना. पडद्यावर सगळं गाव खोळंबलं होतं. घोड्याची शेपटीसुद्धा हलत नव्हती.

"आई! आई, हे उठत नाहीयेत..."

सासूबाईंनी दारातूनच डोकावलं. "लहानपणी शाळेच्या वेळी रोज असाच मरायचा मेला. लक्ष देऊ नकोस, भूक लागली की उठेल." आणि त्या आपल्या झोपायला गेल्या.

 पडद्यावरचा माणूस आता तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. परीक्षेला बसलेल्या पोराची असते तशी धाकधूक होती. जन्मभर एकच काम केलं आणि त्यावर लोक हसले, असा तो चेहरा.

ती टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली.

"मी बघितलंय तुम्हाला," ती पुटपुटली. "प्रत्येक वेळी. हे लिहायला बसायचे, तेव्हाही मी बघत असायचे. तुम्ही मागे पडलेले असायचात. बाकीचे मेलेले चोरून श्वास घेतात, पोटं हलतात त्यांची. तुमचं पोट कधी... कधीच हललं नाही..."

बोलता बोलता तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण आता मागे हटून चालणार नव्हतं.

"फार छान मरता हो तुम्ही. या खेपेचं परीक्षण मी लिहीन, नीट लिहीन. पण यांना... यांना सोडा."

त्या माणसाने टोपी काढली आणि लवून नमस्कार केला. नायकाने सुटकेचा निःश्वास टाकून गोळी झाडली. छातीवर हात, दोन हेलकावे, लांबलचक "आह!" एक बूट उडून गुत्त्याच्या पायरीखाली गेला.

त्याच क्षणी गालिच्यावर नवरा उठून बसला.

तिला रडूच कोसळलं. "अहो, किती घाबरवलंत!"

त्याने कपडे झटकले. गालिचा तिने सकाळीच झाडला होता, तरी लालसर धुळीचा लोट उठला. त्याने छताकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत होता. मग अदबीने हात बांधून तिच्यासमोर उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"बरं मेलो ना, बाई...? की परत एकदा घेऊ?"