सील न तुटलेल्या बाटल्या

वाक्यठशाचा कायदा येऊन सहा वर्षे झाली होती. माणसाच्या अंगठ्याचा ठसा वेगळा, तशी त्याची सांगण्याची रीतही वेगळी असते. आधी काय सांगायचे, काय गाळायचे, कुठे थांबायचे. माणसाने लिहिलेल्या अर्जांवरून, निरोपांवरून यंत्र ही रीत ओळखू लागले आणि तिला वाक्यठसा हे नाव पडले. लिहिणाऱ्या प्रत्येकाचा वाक्यठसा सरकारजमा होता. वर्तमानपत्रात निनावी बातमी आली की तासाभरात ती पुरवणाऱ्याच्या दारात पोलीस उभे राहत.

म्हणून वार्ताहर हेमांगी रोडगे आपली बातमी छापण्याआधी डॉ. फिरोज तडवींकडे घेऊन आली. यंत्र घडवणाऱ्यांपैकी ते एक. आता निवृत्त होते, पण यंत्राची जुनी प्रत त्यांनी घरी ठेवली होती, सरकारी ठशांना अजून जोडलेली.

बातमी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेची होती. चौदा गावांचे पाणी दर महिन्याला पिण्यास योग्य ठरत होते आणि त्याच गावांत मुलांची मूत्रपिंडे निकामी होत होती. प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या यमुनाबाई तायडेंनी हेमांगीला सांगितले होते की, वर्षभर बाटल्या त्यांच्याकडे धुवायला येतात त्या सीलबंदच. सील त्या स्वतः तोडतात आणि पाणी मोरीत ओततात.

हेमांगीने मजकूर चार वेळा नव्याने लिहिला. चारही वेळा यंत्राने यमुनाबाईंचेच नाव दाखवले.

"यात त्यांचा एक शब्द नाही, सर."

"शब्द तुमचेच आहेत," तडवी म्हणाले. "पण सुरुवात झाकणापासून, मग वास, मग मोरी. साहेब सगळ्यात शेवटी. बघणारीची नजर तशीच राहिलीय."

तिने तेही काढले. यंत्राने नाव दाखवले नाही. कागदावर उरले ते एवढेच, की गावकरी पाणी वाईट म्हणतात आणि अधिकारी चांगले म्हणतात. तडवींनी कागद वाचून परत केला.

मग त्यांनी विचारले, की बाटल्या धुणाऱ्या बाईंचा ठसा यंत्राकडे आला कुठून. उत्तर हेमांगीकडेच होते. दर रविवारी ती प्रौढांचा वर्ग घेत असे. यमुनाबाई पंचावन्नाव्या वर्षी तिथेच अक्षरे शिकल्या होत्या. पाट्या सरकारी होत्या, पडद्याच्या; त्यांवर लिहिलेले सगळे यंत्राकडे जाई. आणि अभ्यास तिने स्वतः ठरवलेला होता: आज काय पाहिले ते लिहा.

संध्याकाळी तिने यमुनाबाईंच्या घरी जाऊन सगळे सांगितले. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. नोकरी जाईल, तुरुंगही होईल, बातमी थांबवू, असे ती म्हणाली. यमुनाबाईंनी आजारी मुलांची संख्या पुन्हा एकदा विचारून घेतली.

"मग नावच घाला, बाई. आणि छापायचं तर मी लिहिलेलं छापा. तुमचं लई गोल गोल आहे."

तसेच छापले गेले. चौथ्या दिवशी चौदाही गावांत टँकर आले. यमुनाबाईंना त्याआधीच अटक झाली होती.

रविवारी वर्गात अकरा बायका आल्या. हेमांगीने पाट्या वाटल्या. कोणी हात लावला नाही. मग यमुनाबाईंची शेजारीण कौतिकबाई बोलली.

"बाई, आम्हाला सहीपुरतं शिकवा."

फळ्यावर 'आज काय पाहिले' असे लिहिलेले होते. हेमांगीने ते पुसले.