मालिना जेवत नाही

शनिवारी दुपारी कामावरून घरी आली की रुमेना आधी फ्रीजरमधून एक गोठलेला उंदीर काढायची, गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवायची आणि तो ऊब धरेपर्यंत स्वतःसाठी कॉफी करायची. नऊ वर्षं हा नेम चालला होता. मग लांब चिमट्याने उंदीर काचेच्या पेटीत धरायचा. मालिना दोनदा जीभ लपलपवायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत झडप घालायची.

मालिना म्हणजे आफ्रिकेतल्या लहान जातीच्या अजगराची मादी. मनगटापेक्षा जाड, चॉकलेटी अंगावर मधासारखे पिवळे पट्टे. रुमेनाच्या नवऱ्याने, ओग्न्यानने, ती बोटाएवढी असताना खिशातून घरी आणली होती. ओग्न्यान जाऊन दोन वर्षं झाली. सोफिया शहरातला फ्लॅट विकून रुमेना ऑक्टोबरात विदिन गावी आली, डॅन्यूब नदीजवळच्या गल्लीत दोन खोल्यांचं विटांचं घर घेतलं आणि औषधांच्या दुकानात नोकरी धरली. त्या घरात आल्यापासून मालिनाने अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

रुमेनाने सगळं करून पाहिलं. पेटीतली ऊब वाढवली, काचांवर चादर टाकली, उंदराऐवजी कोंबडीचं पिल्लू दिलं. मालिना बघायचीसुद्धा नाही. जुन्या लोखंडी शेगडीमागच्या कोपऱ्याकडे तोंड करून पडून राहायची. एका सकाळी रुमेनाने पेटीच उलटी फिरवली. संध्याकाळी येऊन बघते, तर मालिना पुन्हा त्याच कोपऱ्याकडे तोंड करून बसलेली.

जानेवारीत तिने तिला उशीच्या अभ्र्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

“थंडीत करतात ही नाटकं,” डॉक्टर पेत्कोव म्हणाले. “काही काही तर सहा-सहा महिने उपाशी राहतात. किती झाले?”

“साडेतीन महिने. पाण्याशिवाय काही नाही.”

त्यांनी मालिनाला तराजूवर ठेवलं, रुमेनाने आणलेल्या वहीतला ऑक्टोबरचा आकडा बघितला आणि चष्मा वर सरकवला.

“ताई, एक ग्रॅमही कमी झालेला नाही. घरात दुसरं कोण असतं?”

“मी एकटीच.”

“मग शेजारीपाजारी कोणी लाड करत असेल.” त्यांनी हलक्या हाताने मालिनाचा जबडा उघडला, आत बॅटरी मारली आणि एकदम मान मागे घेतली. “दूध पाजता काय हिला?”

“साप दूध पितात होय, डॉक्टर?”

“नाही पीत. म्हणून तर विचारतोय. पाव भिजवलेल्या दुधाचा वास येतोय.”

रुमेना दुधाला शिवत नसे. लहानपणापासून तिला ते पचत नव्हतं.

घरी परतली तेव्हा शेजारच्या योंका आजी आपल्या फाटकाशी बर्फ लोटत उभ्या होत्या. ऐंशीला टेकलेली बाई, पण जिभेला धार. रोज काहीतरी आणून द्यायची, कधी लोणच्याची बरणी, कधी सरपण, पण उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती.

“तुझी ती दोरी अजून उपाशीच का?”

“उपाशी आहे की नाही, तेच कळत नाही आजी.” रुमेनाने डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, आपल्याला दूध सोसत नाही हेही सांगितलं. सांगताना तिला हसू येत होतं. योंका आजींना आलं नाही. त्यांनी खोरं फाटकाला टेकवलं.

“कुठं बघत असते ती?”

“शेगडीमागं.”

आजींनी रुमेनाच्या घराच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “हे घर माझ्या बापानं बांधलेलं. विकलं नंतर. माझी धाकटी बहीण होती, वासिल्का. सहा वर्षांची. त्या कोपऱ्यात भिंतीच्या फटीत एक पाणसाप राहायचा. आमच्यात त्याला घराचा राखणदार म्हणतात, कोणी दुखवत नाही. वासिल्का आपल्या वाडग्यातला दूध-पाव त्याच्यापुढं धरायची. एक घास तिला, एक त्याला. तो खात होता का, देव जाणे. पण यायचा.”

“मग?”

“बापानं बघितलं. पोरीला चावेल म्हणून कुदळ घातली.” आजींनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. “त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं. आईनं मारलं, पाद्र्याला बोलावलं, नाक दाबून तोंडात घातलं. थुंकायची. म्हणायची, तो जेवल्याशिवाय मी नाही. चाळीस दिवस काढले पोरीनं, मग गेली.”

धुकं नदीवरून गल्लीत उतरत होतं.

“ती वाईट नाही गं,” आजी हळूच म्हणाल्या. “तिला फक्त कोणालातरी भरवायचं असतं.”

रविवारी दुपारी रुमेना स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. बाहेर धुक्याने खिडकी पांढरी झाली होती, नदीवरच्या बोटींचे भोंगेसुद्धा बंद होते. आणि आतल्या खोलीतून आवाज आला. मातीच्या वाडग्यात चमचा फिरल्यासारखा. खर्र... मग थोडं थांबून, पुन्हा खर्र.

ती सुरी तशीच हातात धरून दाराशी गेली.

खोलीत कोणी नव्हतं. पेटीला कडी होती. आत मालिना वीतभर वर उभी राहिली होती, तोंड किंचित उघडं, मान काचेपलीकडच्या कोणाकडे तरी उचललेली. तिचा गळा हलत होता. काहीतरी मऊ गिळताना हलतो तसा, सावकाश, एकामागून एक घास. खोलीत तापवलेल्या दुधाचा वास दाटला होता.

“ए...” रुमेना म्हणाली. कोणाला, ते तिलाही कळलं नाही.

चमचा थांबला.

त्याच संध्याकाळी तिने सोफियातल्या मैत्रिणीला, बोरियानाला, फोन लावला. बोरियानाकडे आठ साप होते, दोन दशकांचा अनुभव होता. मंगळवारी ती गाडी घेऊन आली. पेटी उचलताना रुमेनाला रडू फुटलं. नवऱ्याचं म्हणून एवढंच उरलं होतं तिच्याकडे.

“वेडी आहेस का? उन्हाळ्यात घेऊन जा परत,” बोरियाना म्हणाली.

फाटकाशी योंका आजी आडव्या आल्या. डोक्याला रुमालसुद्धा न बांधता, धावत.

“नेऊ नका. पोरी, ऐक माझं. हवं तर तू जा तिच्याबरोबर, पण तू राहून तिला पाठवू नकोस.”

“इथं ती मरेल, आजी.”

“ती नाही मरणार,” आजी म्हणाल्या.

रुमेनाने गाडीचं दार लावलं.

रात्री आठ वाजता बोरियानाचा फोन आला. ती हसत होती. “अगं, काय उपाशी नि काय! पेटी ठेवली, उंदीर दाखवला, तर चिमट्यासकट ओढला! दुसराही खाल्ला.”

रुमेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती फोन ठेवून खुर्चीत बसली. किती महिन्यांनी तिला मोकळं वाटलं होतं. टेबलावर घेवड्याचं गरम सूप होतं. खावंसं वाटलं नाही. आनंदानेच पोट भरलं असेल, असं तिला वाटलं.

बुधवारी तिने दुकानातल्या बाईंनी दिलेला भोपळा भरलेला पाव तसाच पिशवीत ठेवला. गुरुवारी कॉफीसुद्धा नको झाली. अशक्तपणा नव्हता, डोकं दुखत नव्हतं. फक्त भूक नव्हती. संध्याकाळी ती शेगडीपुढच्या खुर्चीत जाऊन बसायची, आणि उठायची तेव्हा शेगडी विझून गार झालेली असायची.

शनिवारी सकाळी दारावर थाप पडली. योंका आजी होत्या. हातात झाकलेली गरम भाकरी. त्यांनी रुमेनाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि भाकरी पुढे केलीच नाही.

“किती दिवस झाले?”

“कशाला?”

“जेवून.”

रुमेनाने आठवून बघितलं. “चार. पण आजी, खरंच, मला भूकच नाही.”

“नाही ना...” आजी पुटपुटल्या.

आणि मग, जिथे इतके महिने पाय ठेवला नव्हता त्या उंबऱ्यावर चढून त्यांनी एका हाताने रुमेनाची हनुवटी धरली. दुसऱ्या हाताने एप्रनचं टोक उचललं आणि तिच्या ओठांच्या कडेला लागलेला भिजलेल्या पावाचा पांढरा कण, लेकराचं तोंड पुसावं तसा, पुसून घेतला.

त्यांची नजर मात्र रुमेनाच्या खांद्यावरून आत गेली होती.

“वासिल्का,” त्या म्हणाल्या, “हळू भरव गं. हिला दूध सोसत नाही.”