सहा महिन्यांच्या आतला फोटो

तो आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता आणि अंगात पांढरा शर्ट होता. पांढरा! मी कपाळावर हात मारला.

"फॉर्मसाठी फोटो हवाय," तो पायपुसण्यावरूनच म्हणाला. "जरा घाईत आहे. पाचच्या आत फॉर्म भरायचाय."

"पाचच्या आत, आणि पांढऱ्या शर्टात? मागे पांढरा पडदा, पुढे पांढरा शर्ट. नुसतं मुंडकं तरंगताना दिसेल. नियम वाचलेत का?"

त्यानं खिशातून एक ओला कागद काढला. मी तो घेतला आणि मोठ्यानं वाचला, कारण मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय अशा लोकांच्या डोक्यात शिरत नाही असा माझा अनुभव आहे. पार्श्वभूमी पांढरी. दोन्ही कान दिसले पाहिजेत. हसू नये. फोटोखाली नाव आणि फोटो काढल्याची तारीख छापलेली हवी. फोटो सहा महिन्यांपेक्षा जुना चालणार नाही. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत – नर्सिंग पदवी अभ्यासक्रम, चार वर्षे, प्रवेश अर्ज.

"बहिणीचा फॉर्म का? मग तिला आणा ना. तिच्याऐवजी तुमचा फोटो कसा चालेल?"

"फॉर्म माझाच आहे."

"नर्सिंगचा? तुम्ही?"

"हो," तो शांतपणे म्हणाला. "का? मला कान नाहीत का?"

मला हसू आलं आणि ते लपवायला मी आत जाऊन कोट घेऊन आले. हा स्टुडिओ बाबांचा. बाबांना आताशा बारीक दिसत नाही, म्हणून ते पुढे काउंटरवर बसतात, आणि आत कॅमेरा, कॉम्प्युटर, गिऱ्हाइकांचे नखरे सगळं माझ्याकडे. आमच्याकडे एकच काळा कोट आहे, आल्यागेल्या सगळ्यांसाठी. जाड माणसाला तो पाठीत उघडाच राहतो, बारीक माणसाला मी मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावते. पुढून सगळे साहेब दिसतात. याला चार चिमटे लागले.

"कान," मी कॅमेऱ्यामागून ओरडले.

त्यानं ओले केस मागे सारले. ते परत पुढे आले. पुन्हा सारले, पुन्हा आले. शेवटी मीच कंगवा घेऊन पुढे झाले. रोज पन्नास लोकांचे कान उघडे करते मी, त्यात काय एवढं! पण त्याचा कान गारेगार होता आणि माझी बोटं... जाऊ दे.

"हसू नका."

"नाही हसत."

"डोळे हसतायत."

"डोळ्यांचं नियमात काही लिहिलेलं नाही."

शहाणा! मीही कसली सोडतेय. "दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात ना? म्हणजे आता जन्मभर सगळ्या बायका तुम्हाला ब्रदर म्हणणार."

"सगळ्या म्हणू देत," तो म्हणाला. "तुम्ही तेवढं म्हणू नका."

मी बटण दाबलं, तर तो उघड हसत होता. तो फोटो वाया गेला. असे एकूण बारा काढावे लागले, त्यातल्या अकरांत तो हसत होता.

बाराव्यावर मी नेहमीसारखा हात फिरवला. ही बाबांची शिकवण, गिऱ्हाइकाला आरशापेक्षा जरा बरं दाखवायचं, मग ते परत येतं. एक मुरूम पुसला, डोळ्यांखालची सावली उजळली. डाव्या भुवईतून एक पांढुरकी रेघ गेली होती, तीही भरून टाकली. दोन मिनिटांचं काम, त्यात मला विचार करावा लागत नाही. फोटो पाकिटात घालून दिले, आणि त्यानं पाकीट उघडूनसुद्धा बघितलं नाही. माझ्याकडेच बघत होता. मग घड्याळाकडे बघितलं आणि पावसात पळाला.

तिसऱ्या दिवशी परत हजर. म्हणे फोटो कमी पडले. आठ फोटो तीन दिवसांत संपवायला हा काय वाटत फिरत होता? पुढच्या आठवड्यात जुन्या फोटोला चौकट हवी होती. मग चौकट जरा तिरकी वाटली. बाबा काउंटरवरून आत हाक मारायचे, "अगं, आला बघ तो तिरक्या चौकटीवाला!" आणि मी केस सारखे करेपर्यंत तो आत आलेला असायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मला आठवत नाही.

एकदा तो त्याच्या वडिलांना, अण्णांना, घेऊन आला. दवाखान्याच्या कार्डासाठी फोटो हवा होता. अण्णांची उजवी बाजू लुळी होती, हातात काठी. मला वाटलं, हा आता त्यांना काखेत धरून ओढणार. पण तो त्यांच्यासमोर वाकला, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवला, एक हात पाठीमागे घेतला आणि म्हणाला, "अण्णा, आता आपण बसतोय हं." आणि ते दोघं मिळून बसले. उठताना पुन्हा तसंच. "अण्णा, आता आपण उठतोय." कुठे झटका नाही, घाई नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर ओशाळेपण नव्हतं, नाहीतर आजारी माणसं फोटोत हटकून ओशाळलेली येतात. मी त्याचे हात बघत राहिले. त्या दिवशी माझं काही खरं उरलं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

पण बोलणार कसं? त्याची प्रवेश परीक्षा झाली, यादी लागली, नंबर चांगला आला. कॉलेज मिळालं ते बसनं दहा तासांवर. चार वर्षं होस्टेल. पेढे वाटावेत अशी बातमी त्यानं काउंटरवर टेकून दिली, आणि आम्ही दोघंही उगाच टेबलाच्या काचेकडे बघत बसलो.

"जायचंच ना," मी म्हटलं.

"जायचंच."

कागदपत्रं तपासण्याचं केंद्र मात्र आमच्याच गावात होतं. त्या दिवशी सकाळी तो ऐटीत फाईल घेऊन गेला आणि दुपारी दोनला स्टुडिओत आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"जागा जाणार बहुतेक," तो म्हणाला. "फॉर्ममध्ये ओळखीची खूण लिहायची असते. मी लिहिलं, डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. मॅडमनी फॉर्म बघितला, मला बघितलं, आणि फोटो बघितला. फोटोत व्रणच नाही! त्या म्हणतात, परीक्षेला तुझ्याऐवजी दुसराच कोणी बसला होता का? चारपर्यंत खुलासा आण, नाहीतर जागा पुढच्याला जाणार. मला कळतच नाहीये, व्रण गेला कुठे?"

ती पांढुरकी रेघ मला आठवली.

"मी पुसला," मी म्हटलं.

त्याचा हात भुवईवर गेला.

"सगळ्यांचंच पुसते रे. सवय आहे हाताला... तू एकदा तरी पाकीट उघडून बघायचंस!"

"मी फोटोवालीकडे बघत होतो," तो म्हणाला. एरवी मी यावर आठवडाभर तरंगले असते. मग तो बोटानं भुवई चोळत हळूच म्हणाला, "अण्णांना झटका आला तेव्हा मी एकटाच होतो गं घरी. उचलायला गेलो, नुसता जोर लावून. दोघंही न्हाणीत आपटलो. माझी भुवई नळावर फुटली. टाके घालताना तिथल्या सिस्टर म्हणाल्या, माणूस असा पोत्यासारखा उचलत नाहीत. गुडघा गुडघ्याला टेकव आणि त्याला सांग, आता आपण उठतोय. त्या दिवशीच ठरवलं मी, हेच शिकायचं."

म्हणजे मी नेमकं तेच पुसलं होतं. मला रडावंसं वाटलं, पण घड्याळात सव्वादोन झाले होते.

"मूळ फोटो आहे माझ्याकडे. हात न लावलेला," मी म्हटलं. "चल."

"इतक्या दिवसांनी? तू तर म्हणायचीस, आठवड्यात सगळे उडवतेस."

"तू चल म्हटलं ना!"

घाईघाईत मी अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकला. बाबा म्हणाले, "जा, मी बसतो इथे," आणि आम्ही त्याच्या स्कूटरवरून सुटलो. मी मागे बसून सगळ्या सिग्नलना शिव्या घालत होते.

तपासणीच्या मॅडम पिकल्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्याकडे बघून फोल्डरचं नाव मोठ्यानं वाचलं, "ठेवायचे."

आई गं! ते माझ्या लक्षातच नव्हतं.

त्यांनी उघडला. बाराच्या बारा फोटो पडद्यावर पसरले. अकरांत तो हसतोय, चार चिमट्यांच्या कोटात, केस ओले, आणि प्रत्येक फोटोत भुवईतली ती रेघ लख्ख. मॅडमनी एकेक फोटो मोठा करून बघितला, खालची तारीख आणि वेळ बघितली, मग त्याचा चेहरा, मग बराच वेळ माझा.

"सगळ्या गिऱ्हाइकांचे असे ठेवता?"

"नाही मॅडम." माझे कान तापले होते, आणि दोन्ही दिसत असणार.

"मग?"

"याचेच ठेवलेत."

शेजारच्या टेबलावरचे दोन क्लार्क लिहायचे थांबले. तो माझ्याकडे वळून बघत होता, पण मी मान वर केली नाही. मॅडमनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा. काय केलंत ते, आपल्या अक्षरात."

मी लिहिलं – 'फोटोतील उमेदवाराच्या डाव्या भुवईवरील व्रण मी सवयीने काढून टाकला. चूक माझी आहे. व्रण त्याचाच आहे.' खाली सही केली.

"आणि हे बघ," मॅडम शिक्का मारता मारता त्याला म्हणाल्या, "वॉर्डात गेल्यावर दिसेल ते लिहायचं, जसं आहे तसं. तिथे असा हात फिरवायचा नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हालाही सांगतेय."

बाहेर पडलो. पाऊस बारीक झाला होता. स्कूटर सुरू करायच्या आधी तो थांबला.

"का ठेवले होतेस?"

"आत ऐकलंस ना?"

"अर्धंच ऐकलं."

"आवडतोस म्हणून! दुपारी गिऱ्हाईक नसलं की उघडून बघते म्हणून! झालं समाधान? आता जा दहा तासांवर!" आणि मला भर रस्त्यात रडू फुटलं. त्यानं माझा हात धरला. अण्णांना धरायचा त्याच पद्धतीनं, घाई न करता. "मलाही तू पहिल्या कंगव्यापासून आवडतेस," तो म्हणाला. "पण मला जायचंय गं."

"मग मी कुठे जाऊ नको म्हणतेय?"

निघायच्या दिवशी दुपारी तो बॅग घेऊनच स्टुडिओत आला. म्हणाला, "आज तू बस स्टुलावर." फोटोवाल्यांच्या घरी फोटोवाल्यांचे फोटो नसतात, माझाही धड एक नव्हता. त्यानं कॅमेरा हातात घेतला तो तिरकाच. पडद्याची कड दिसत होती, माझा एक कान गायब.

"हसू नकोस," तो म्हणाला.

मी कुठली हसतेय, नाक लाल झालं होतं. त्यानं बटण दाबलं. मी तो फोटो तसाच छापला, सुजलेल्या डोळ्यांसकट, आणि नियमाप्रमाणे खाली तारीख घातली.

"ही तारीख बघून ठेव," मी म्हटलं. "सहा महिन्यांनी हा फोटो चालणार नाही."

"मला चालेल."

"नाही चालणार. नियम आहे. नवा काढायला यायचं."

त्यानं फोटो पाकिटात ठेवला. या वेळी आधी नीट बघितला.

तो गेल्यावर स्टुडिओ मोठा वाटायला लागला. त्याचे फोन यायचे. आज बिछाना घालायला शिकवला, माणूस वर असताना. आज एक आजोबा त्याला 'सिस्टर' म्हणाले आणि त्यानं 'ओ' दिली. मी हसायचे, फोन ठेवायचे, आणि मग तो कोट खुंटीवर लोंबकळताना दिसायचा. कोणा बारीक माणसाला चिमटे लावताना चौथ्या चिमट्याशी हात अडायचा. इतकी आठवण येते हे कोणाला सांगायचं? बाबांना? बाबांना तर आधीच कळलं होतं. एका सकाळी ते पेपरात डोकं घालून म्हणाले, "शनिवारी दुपारी कामं घेऊ नकोस. सहा महिने होतात ना शनिवारी?"

मी पांढरा पडदा धुतला. कोटाला इस्त्री केली.

आणि गुरुवारी, भर दुपारी, मी एका आजींना हनुवटी खाली घ्यायला सांगत होते तेव्हा काउंटरवरून बाबा ओरडले, "अगं, तो तिरक्या चौकटीवाला!"

तो दारात उभा होता, पायपुसण्यावर. वाळला होता, केस बारीक कापलेले, दोन्ही कान स्वच्छ दिसत होते. अंगात पुन्हा पांढरा शर्ट.

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "सहा महिने व्हायला अजून दोन दिवस आहेत. जुना फोटो चालतो अजून."

"फोटोला चालतंय गं," तो म्हणाला. "मला नाही चालत."

आजी स्टुलावरून म्हणाल्या, "मी थांबते बाई, आधी त्याचा काढ."

मी त्याला कोट दिला. मागे जाऊन एक, दोन, तीन, चार चिमटे लावले आणि चौथ्याला हात तिथेच ठेवला.

"हसू नकोस," मी म्हटलं, आणि मलाच हसू आवरेना.